दम्याचा पंप कुलपात ठेवू नका

दमा असलेल्या मुलाच्या शाळेची तयारी एका कागदापासून करावी. रोजचे औषध कोणते, धाप लागल्यास कोणता पंप किती वेळा द्यायचा आणि रुग्णवाहिका केव्हा बोलवायची, हे बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घेऊन त्याच्या प्रती वर्गशिक्षिकेला, कार्यालयाला आणि स्कूलबसमधील मावशींना द्याव्यात. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर बस कोंडीत अडकते तेव्हा मुलाजवळ त्या मावशीच असतात.

पंप कार्यालयाच्या कपाटात ठेवण्याचा आग्रह मान्य करू नये. तिसऱ्या मजल्यावर मूल गुदमरत असताना कोणी किल्ली शोधत फिरणे मला भयंकर वाटते. पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी, जिच्यातून मूल औषध श्वासाबरोबर घेते) वर्गातच, हाताशी हवा. कार्यालयात दुसरा संच असावा. धाप लागल्यावर द्यायच्या साल्ब्युटामॉल या औषधाच्या पंपात साधारण 200 फवारे असतात आणि तो हलवून किती उरले ते कळत नाही, म्हणून आकडा दाखवणारा पंप घ्यावा किंवा वापराची नोंद ठेवावी.

धाप लागल्यावर मुलाला ताठ बसवावे, आडवे करू नये. पंप हलवून स्पेसरला लावावा, एकच फवारा सोडून मुलाला चार ते सहा श्वास घेऊ द्यावेत आणि मगच पुढचा द्यावा. मुलाला सलग वाक्य बोलता येत नसेल, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर पडले असतील किंवा फवाऱ्यांनी आराम पडत नसेल, तर आधी 108 ला फोन करावा, पालकांना नंतर. रुग्णवाहिका येईपर्यंत कागदावर लिहिल्याप्रमाणे फवारे चालू ठेवावेत. घरघर थांबली पण मूल मलूल होत चालले, तर तो आराम नव्हे, धोका वाढल्याची खूण आहे.

डस्टर वर्गाबाहेर झटकावा. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीपासून आणि शेजारी इमारतीचे काम सुरू असल्यास त्या बाजूच्या खिडकीपासून मुलाचा बाक दूर असावा.

पीटीच्या तासाला मात्र त्याला बाकावर बसवून ठेवू नये. दमा आटोक्यात असलेले मूल इतरांसारखेच खेळू शकते. सुरुवातीला हलका व्यायाम घ्यावा आणि डॉक्टरांनी सांगितले असल्यास खेळण्याआधी पंप द्यावा. हे खेळाआधीचे फवारे सोडून आठवड्यात दोनपेक्षा अधिक वेळा पंप लागला, तर बाईंनी तसे वहीत लिहून पाठवावे आणि पालकांनी ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.