वेल लांब हवी? मग आधी कुंडीच्या तोंडाकडे बघा

कुणी मला आपल्या मनी प्लांटचा फोटो पाठवला की मी वेलीचं टोक बघतच नाही. टोक सगळ्यांचंच छान असतं, ताजं आणि पोपटी. मी फोटो मोठा करून कुंडीचं तोंड बघते. तिथे बहुतेक वेळा उघडी माती आणि दोन-चार बोडक्या दांड्या दिसतात. वेल पाच फुटांची, पण वरचे दोन फूट पानाविना. आणि प्रश्न हमखास असा, "खत कोणतं घालू?"

खताचं नंतर बघू. लांब वाढणं हा वेलीचा स्वभावच आहे, त्यासाठी तिला फारशी मदत लागत नाही. मातीपासून शेंड्यापर्यंत पानं टिकवणं, आणि दोन पानांमध्ये वीतभर अंतर पडू न देणं, इथे खरी मेहनत आहे. दोन्हींचं मूळ एकच, कुंडीच्या तोंडावर पडणारा उजेड.

टांगलेली कुंडी लोक छताच्या हुकाला आखूड दोरीनं अडकवतात. दिसायला छान दिसतं. पण खिडकीतला उजेड तिरका खाली उतरतो. कुंडी खिडकीच्या वरच्या चौकटीपेक्षा उंच गेली की माती आणि तिच्याजवळची पानं सावलीत राहतात, आणि खाली लोंबणारं टोक मात्र उजेडात न्हातं. झाड हिशेबी असतं. जे पान अन्न तयार करत नाही, त्याला ते फार काळ पोसत नाही. मग वरची पानं एकेक करून पिवळी पडतात आणि गळतात. गळलेल्या पानाच्या जागी पुन्हा पान येत नाही. त्या पेराचा, म्हणजे पान जिथे दांड्याला फुटतं त्या गाठीचा, डोळा (निजलेला कोंब) जागा झाला तर तिथून नवा फुटवा येऊ शकतो, पण त्यालाही उजेड लागतोच.

म्हणून पहिलं काम, दोरी लांब करा. मातीची पातळी खिडकीच्या काचेच्या वरच्या कडेखाली यायला हवी. तपासायचं असेल तर स्टुलावर चढून डोळे मातीच्या पातळीला आणा आणि तिथून खिडकीकडे बघा. आकाशाचा तुकडा दिसला तर जागा बरोबर आहे. समोरची भिंत किंवा पडद्याची दांडीच दिसत असेल तर कुंडी आणखी खाली घ्या किंवा खिडकीजवळ सरकवा. दुपारचं कडक ऊन थेट येत असेल तर मध्ये पातळ पडदा हवा, नाहीतर पानांवर तपकिरी चट्टे पडतात. पाणी घालताना दर वेळी कुंडी पाव वळसा फिरवा. एवढ्यानंही एका बाजूचं टक्कल टळतं.

"हे झाड सावलीत चालतं" हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. चालतं म्हणजे मरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. उजेड कमी पडला की वेल तो शोधायला धावते, दोन पेरांमधला दांडा ताणला जातो आणि पानं लहान येतात. ताणलेला तो भाग पुढे कितीही उजेड दिला तरी आखूड होत नाही, त्यामुळे वेलीवरून बोट फिरवलं तर कोणत्या काळात तिचे हाल झाले ते कळतं. पांढरे-पिवळे पट्टे असलेल्या जातींना तर आणखी उजेड हवा, कारण पानाच्या त्या भागात हरितद्रव्य कमी असतं किंवा नसतंच. अशा झाडावर पूर्ण हिरवा फुटवा आला तर तो कापून टाका. तो जोमानं वाढतो आणि पट्टेवाल्या फांद्यांना मागे टाकतो.

आता कात्री. लांब वेलीच्या लेखात कात्री कशाला, असं वाटेल. वेलीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते दांड्यातून खाली उतरत राहतं आणि खालच्या पेरांवरचे डोळे निजलेले ठेवतं. शेंडा खुडला की ही दाबणी सुटते. कापायचं ते पेराच्या जरा वर, पाव इंच सोडून. ट्रेडेस्कँशिया ही दुसरी लोंबती वेल याला भरभरून दाद देते. मनी प्लांट मात्र कंजूष आहे, कापाजवळच्या पेरातून बहुधा एकच फुटवा देतो, फार तर दोन. त्यामुळे नुसतं खुडून मनी प्लांटची कुंडी भरत नाही. कापलेले तुकडे त्याच कुंडीत परत लावावे लागतात. नर्सरीतली गच्च भरलेली कुंडी म्हणजे बहुतेक वेळा एक झाड नसतंच, एकत्र लावलेल्या बऱ्याच कटिंग असतात.

कटिंगला एक पेर आणि एक पान पुरतं. पेरावर तपकिरी टेंगूळ दिसतं, तेच हवाई मूळ. ते पाण्यात बुडवा, पान बाहेर ठेवा. मुळं दोन इंचांची झाली की मातीत लावा. पाण्यातच मुळांचा झुपका होईपर्यंत थांबू नका, मातीत रुळायला त्याला मग जड जातं. सहा इंची कुंडीत सात-आठ कटिंग सहज मावतात. लावल्यावर पहिले दोन आठवडे माती ओलसर राहू द्या. कापायला जीव होत नसेल, तर एक गंमत सांगते. मनी प्लांट सहसा फुलतच नाही, कारण फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक तयार करण्यातच त्याच्या जनुकांत खोट आहे. म्हणजे घरोघरी दिसणारे मनी प्लांट कुणीतरी कधीतरी कापले म्हणूनच आहेत.

अजिबात न कापता कुंडी भरायची असेल तर दुसरा मार्ग आहे, मला तो जास्त आवडतो. बोडकी वेल अलगद उचलून कुंडीत आणा आणि मातीवर गोल गुंडाळा. पेराचं टेंगूळ मातीला टेकलं पाहिजे. केसांची यू आकाराची पिन किंवा वाकवलेला पेपरक्लिप दांड्यावरून मातीत खोचा, पण दांडा चिरडू नका. पेर मातीत गाडायचं नाही, नुसतं टेकवायचं. माती ओलसर ठेवा. काही आठवड्यांनी दांडा हलकेच ओढून बघा. तो धरून ठेवल्यासारखा वाटला तर मुळं बसली. मग त्याच पेरांतून वर फुटवे येऊ लागतात आणि उरलेलं टोक काठावरून पुन्हा खाली सोडता येतं.

आता इतर लोंबत्या झाडांचं. स्ट्रिंग ऑफ हार्ट्सच्या दांड्यावर वाटाण्याएवढ्या गाठी येतात, त्या अशाच मातीवर टेकवल्या की रुजतात. स्ट्रिंग ऑफ पर्ल्सच्या मण्यांवर एक पारदर्शक फट असते, तिच्यातून उजेड आत शिरतो. या झाडाला वरून उजेड नसेल तर कुंडीच्या तोंडाशीच ते कुजतं. त्याची कुंडी उथळ घ्या आणि मणी जरा सुरकुतल्याशिवाय पाणी घालू नका. होया मात्र वेगळ्या वळणाचं. ते आधी लांबलचक बिनपानी दांडा फेकतं आणि पानं सवडीनं आणतं. तो दांडा वाळका समजून छाटू नका. फुलं येऊन गेलेला देठही ठेवा, पुढची फुलं त्याच देठावर येतात.

लांबीलाही मर्यादा असते. मनी प्लांट मुळात झाडावर चढणारी वेल, मोकळ्यावर खोडाला धरून चढते तेव्हा तिची पानं हात-हातभर होतात. खाली लोंबताना उलटं घडतं, पानं लहान होत जातात. टोकाची पानं सुरुवातीच्या पानांच्या निम्म्यावर आली की मी तिथून कापते आणि तुकडे वर लावते.

पाण्याचं थोडक्यात सांगते. बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच घाला, आणि घाला ते तळातून निथळेपर्यंत. टांगत्या कुंडीला खाली बशी जोडलेली असेल तर साचलेलं पाणी ओता. खत वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, पातळ, पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मं. थंडीत झाड थांबलेलं असताना खत नको. कुंडी बदलताना इंच-दोन इंचच मोठी घ्या.

मनी प्लांट आणि फिलोडेंड्रॉनच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्यावर तोंडाची आग होते, म्हणून रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर टोक त्यांच्या हाताला-तोंडाला लागणार नाही एवढं वर ठेवा. पानं पुसताना ओलं फडकं वरून आणि दुसरा तळवा पानाखाली आधाराला. पुसताना पान जिथे दांड्याला जोडलेलं असतं त्या बेचक्यात डोकावा. कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं टिपून काढा, आठवड्यानं पुन्हा बघा, आणि तोवर ती कुंडी बाकीच्यांपासून लांब टांगा.