नात्यागोत्यानं युद्ध टळतं का? वक्तृत्व स्पर्धेत या चुका टाळा

इंदूरच्या मराठी मंडळांत वक्तृत्व स्पर्धेला हा विषय निघाला की मुलं थेट १९१४ चं पहिलं महायुद्ध गाठतात. उदाहरण चोख आहे, मांडणी मात्र घाईत फसते.

'तिघे सख्खे चुलतभाऊ होते'

नव्हते. जर्मनीचा सम्राट कैसर दुसरा विल्हेल्म हा ब्रिटनच्या पाचव्या जॉर्जचा आतेभाऊ. जॉर्ज आणि रशियाचा झार निकोलस मावसभाऊ. विल्हेल्मची मावसबहीण झारला दिलेली. एवढं नीट सांगा आणि पुढे चला.

'तारा वाया गेल्या'

युद्धाच्या तोंडावर विल्हेल्म आणि निकोलस एकमेकांना तारा करत होते, त्या वाया गेल्या म्हणणं ही सगळ्यात मोठी चूक. २९ जुलै १९१४ च्या रात्री विल्हेल्मची तार वाचून निकोलसनं संपूर्ण सैन्य जमवण्याचा हुकूम खरोखरच मागे घेतला. हुकूम तेव्हा सुटण्याच्या बेतात होता! म्हणजे नात्याच्या शब्दाला वजन होतं, पण ते एक दिवस टिकलं. ३० तारखेला दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्हनं झारचं मन वळवलं आणि हुकूम पुन्हा निघाला. ऑस्ट्रिया-सर्बियाचा वाद हेगच्या लवादाकडे न्यावा असं निकोलसनं तारेतून सुचवलं होतं. त्या सूचनेला विल्हेल्मनं उत्तरच दिलं नाही. उलट, लष्करी तयारीचा निर्णय पाच दिवसांपूर्वीच झाला होता, असं निकोलसनं सरळ मनानं कळवलं, तेव्हा आपल्याला फसवलं अशी विल्हेल्मची समजूत झाली. मोकळेपणा असा अंगाशी आला. १ ऑगस्टला जर्मनीनं युद्ध पुकारलं.

आणि हे विसरू नका की ऑस्ट्रियाला पाठिंब्याचा शब्द ५ जुलैला विल्हेल्मनंच देऊन ठेवला होता. त्यामुळे मध्यस्थ म्हणून त्याच्यावर कुणी कितपत विसंबायचं?

'राजानं ठरवलं की झालं'

१९०५ मध्ये फिनलंडच्या आखातातल्या ब्यर्क्यो इथं विल्हेल्म आणि निकोलस या दोघांनी परस्पर मैत्रीचा करार करून सह्या ठोकल्या. दोन्हीकडच्या मंत्र्यांनी तो गुंडाळून ठेवला. माझं मत स्पष्ट आहे: नातं वेळ मिळवून देतं. त्या वेळेत तह करायला मंत्री आणि सेनापती सोबत लागतात.

यशस्वी उदाहरण न देणं

१८७५ मध्ये जर्मनी फ्रान्सवर चालून जाणार अशी हवा होती. तेव्हा झार दुसरा अलेक्झांडर बर्लिनला मामाकडे, म्हणजे पहिल्या विल्हेल्मकडे गेला. सोबत रशियाचा चॅन्सेलर गोर्चाकोव्ह होता, ब्रिटनचा सूरही तोच होता आणि अजून कुणीच सैन्य जमवलेलं नव्हतं. प्रकरण निवळलं. १८७५ आणि १९१४ शेजारी ठेवले की मुद्दा आपोआप उभा राहतो.

घरचा इतिहास विसरणं

इंदूरच्या मुलांनी तरी हे करू नये. माधवराव आणि रघुनाथराव काका-पुतणे, तरी १७६२ ला आळेगावला आणि १७६८ ला धोडपला लढाई झालीच. त्याच रघुनाथरावांना १७६७ मध्ये, अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव यांच्या मृत्यूनंतर, होळकरांची दौलत घशात घालायची होती. अहिल्याबाईंनी त्यांना निरोप धाडला, तो आपण लहानपणापासून ऐकतो: बायकांशी लढून हरलात तर तोंड कुठे दाखवाल? भाषणात मुलं इथेच थांबतात. पण शिंदे, गायकवाड, भोसल्यांना पत्रं गेली होती, तुकोजी होळकर फौजेनिशी क्षिप्रेवर उभे होते आणि पुण्याहून माधवरावांचा कौलही बाईंच्याच बाजूनं होता. आपण तर सांत्वनाला आलो, असं म्हणत रघुनाथराव पालखीतून इंदुरात आले, अशी कथा आहे. निरोपासोबत ही फौज आणि तो कौलही भाषणात आलाच पाहिजे.