घट्ट झालेला फोल्डिंग चाकू सैल कसा करायचा (आधी धुवा, तेल नंतर)

खिशातला चाकू उघडताना नख तुटायची वेळ आली की आपण सगळे एकच करतो, तेलाची बाटली घेतो आणि सांध्यात तीन-चार थेंब सोडून देतो. दोन दिवस चाकू मस्त चालतो आणि मग आधीपेक्षा जास्त घट्ट होतो. मी पण कितीतरी वर्षं हेच करत होतो. होतं काय की सांध्यात खिशातली लव, धूळ, जुनं वाळलेलं तेल आणि कापलेल्या वस्तूंचा चिकट रस असं सगळं आधीच बसलेलं असतं, त्यावर नवीन तेल पडलं की त्याचा छान लगदा तयार होतो. म्हणून आधी धुवायचं, मग वाळवायचं, मग तेल, आणि स्क्रूला हात त्याच्याही नंतर.

पण त्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा की चाकू नेमका कुठे अडतोय. हळूहळू उघडा आणि बंद करा, कान देऊन ऐका. करकर आवाज येतोय म्हणजे आत वाळूचा कण वगैरे आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच जड लागतंय तर सांध्याचा स्क्रू जास्त आवळलाय किंवा आत मळ भरलाय. पातं एका बाजूला घासतंय, बंद केल्यावर मुठीच्या खाचेत मधोमध न बसता एकीकडे कललेलं दिसतंय, तर तो वेगळा प्रॉब्लेम, तो फक्त तेलाने जाणार नाही.

आणि फक्त सुरुवातीलाच जोर लागतोय, पुढे सुळकन उघडतं, असं असेल तर बहुतेक चाकू बरोबरच आहे. लायनर लॉक किंवा फ्रेम लॉक असलेल्या चाकूत (म्हणजे मुठीच्या आतली किंवा मुठीचीच धातूची पट्टी सरकून उघड्या पात्याला अडवते असा) लॉकच्या पट्टीवर एक बारीक गोळी बसवलेली असते, ती पाते बंद असताना पात्यावरच्या छोट्या भोकात जाऊन बसते, म्हणून तर चाकू खिशात आपोआप उघडत नाही. ती अडचण घालवायच्या मागे लागू नका. लॉक नसलेल्या, नखाच्या खाचेत नख घालून उघडायच्या जुन्या पद्धतीच्या चाकूतही तसंच, पाठीमागची स्प्रिंग पात्याला दाबून धरते आणि तिचा जोर हाच त्या चाकूचा एकमेव भरवसा.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी धारेवर मास्किंग टेपचे दोन-तीन थर गुंडाळा, कारण पुढे हे पातं तुम्ही शंभरदा उघडबंद करणार आहात आणि हात साबणाने निसरडे झालेले असणार. टेप जाड होऊन पातं मुठीत शिरत नसेल तर एकच थर ठेवा आणि पूर्ण बंद करू नका. पातं अजिबात हलत नसेल तर पक्कड लावून ओढायचं नाही, पक्कडीचे दात पात्यावर कायमचे उमटतात आणि पातं एकदम सुटलं तर कुठे जाईल सांगता येत नाही. सांध्यात गंज सोडवणारं पातळ तेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी चामड्याचा तुकडा धरून हळू ओढा.

धुवायला कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विड साबणाचा एक थेंब आणि जुना टूथब्रश एवढं पुरतं. चाकू अर्धा उघडा ठेवून सांधा पाण्यात बुडवा आणि पाण्यातच वीस-तीस वेळा मागेपुढे करा. पहिल्यांदा करणाऱ्याला धक्का बसतो, इतकं काळं पाणी निघतं. मुठीच्या आतली लव टूथपिकने काढा, पातं आणि मुठीच्या आतला पत्रा यांच्यामधल्या फटीतून दात साफ करायचा दोरा फिरवला तर टूथपिक जिथे जात नाही तिथलाही मळ निघतो. मूठ लाकडाची, हाडाची किंवा शिंगाची असेल तर मात्र भिजत घालू नका. तिथे फक्त सांध्यापुरतं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, नव्वद टक्क्यांच्या वरचं, इअरबडने लावायचं, जवळपास पेटतं काही ठेवायचं नाही, आणि मुठीवरच्या पॉलिशला लागू द्यायचं नाही नाहीतर पॉलिश उतरतं.

वाळवण्यात आळस नको. कापडाने पुसलं तरी सांध्याच्या आत पाणी राहतं, त्यामुळे हेअर ड्रायर कमी उष्णतेवर ठेवून दोन-तीन मिनिटं द्या किंवा अर्धा उघडा ठेवून रात्रभर सोडा. पातं स्टेनलेस आहे म्हणून निवांत राहू नका, स्टेनलेसलाही गंज लागतो, फक्त उशिरा लागतो, आणि आतली स्प्रिंग किंवा खीळ साध्या पोलादाची असू शकते.

आता तेल. एक थेंब. खरंच एकच, प्रत्येक बाजूला. सुईच्या टोकावर घेऊन सांध्याला टेकवला की तो स्वतःच आत ओढला जातो. पाठीमागे स्प्रिंग असलेल्या चाकूत पात्याचं बूड जिथे स्प्रिंगवर घासतं तिथेही एक थेंब, ही जागा लोक हमखास विसरतात आणि खरी झीज तिथेच असते. मग वीस-तीस वेळा उघडबंद करा, बाहेर आलेलं काळं तेल पुसा, परत एक थेंब. पुसलेल्या कापडावर तेल स्वच्छ दिसेपर्यंत हे चालू ठेवायचं.

तेल कुठलं यावर लोक तासन्तास भांडतात. शिलाई मशीनचं तेल बहुतेकांना पुरून उरतं. चाकूने खायचं काही कापत असाल तर खाण्यायोग्य दर्जाचं मिनरल ऑइल घ्या. स्वयंपाकाचं तेल नको, ते हवेने हळूहळू चिकट होतं आणि वर्षभरात गोंद होऊन बसतं. डब्ल्यूडी-४० बद्दल एक गंमत, १९५३ साली ते पाणी हटवण्यासाठी बनवलं गेलं आणि नावातला ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेला फॉर्म्युला. त्यामुळे मळ आणि पाणी बाहेर काढायला ते चांगलं, पण ते बरंचसं उडून जातं, त्यामुळे त्याच्यावर थांबू नका, नंतर खरं तेल द्याच. धुळीत काम असेल तर ओल्या तेलाला धूळ चिकटते, तिथे मी मऊ पेन्सिलच्या शिशाची भुकटी वापरतो, हात काळे होतात पण चालतं.

एवढं करून नव्वद टक्के चाकू सुटतात असं मी म्हणेन, मोजलेलं नाही, अंदाज आहे. उरलेल्यांसाठी स्क्रू. सांध्याचा स्क्रू बहुतेक वेळा सहा पाकळ्यांच्या ताऱ्याच्या खाचेचा असतो, टॉर्क्स म्हणतात, टी-६, टी-८, टी-१० असे साइज येतात. नेमका साइज घट्ट बसला तरच फिरवा, ढिल्या बिटने खाच गोल झाली की पुढची सगळी दुरुस्ती अवघड. एका वेळी एक अष्टमांश फेरा सैल करा, म्हणजे घड्याळातला काटा उलटा, बारावरून साडेदहावर. मग पातं उघडून, लॉक लावून, डावीउजवीकडे हलवून बघा. लटलट व्हायला लागलं तर फार सैल झालं, थोडं परत आवळा. पलीकडची बाजू सोबत फिरत असेल तर तिकडे दुसरा स्क्रूड्रायव्हर धरायचा. स्क्रू हलतच नसेल तर कंपनीने त्यावर लॉक करणारा गोंद लावलेला असतो, सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक स्क्रूच्या डोक्यावर तीसेक सेकंद धरलं तर निळा गोंद मऊ पडतो. प्लॅस्टिकची मूठ असेल तर हे करू नका. आणि सेटिंग जमल्यावर निळाच गोंद अगदी कणभर परत लावा, लाल नको, तो कायमचा धरतो.

चाकू पूर्ण खोलून सुटा करायची हौस असेल तर आधी कंपनीची वॉरंटी बघा, काही कंपन्या चाकू खोलला की हात वर करतात. प्रत्येक पायरीचा फोटो काढा, खाली ट्रे ठेवा. मी एकदा पलंगावर बसून खोलला होता, क्लिपचा एक स्क्रू अजून सापडलेला नाही. आत पितळी किंवा प्लॅस्टिकचे चपटे वॉशर असतील, ते खरखरीत लागले तर काचेवर दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यासारखं हलक्या हाताने घासा, घासण्यापेक्षा गुळगुळीत करायचंय एवढं लक्षात ठेवा. बारीक गोळ्यांचं बेअरिंग असेल तर श्वास रोखून उचला. बटण दाबून किंवा स्प्रिंगच्या मदतीने उघडणारा चाकू मात्र घरी खोलू नका, आतली स्प्रिंग सुटली की ती कुठे गेली ते शोधत बसाल.

रिव्हेट ठोकलेल्या चाकूला स्क्रू नसतो, मल्टिटूलसारखे स्विस चाकू तसलेच. तिथे हातोडीचा प्रयोग करू नका. धुवा, तेल द्या आणि रोज काहीतरी बघत बसलेले असताना उघडबंद करत राहा. नवीन चाकू तर असाच हाताखाली सुटतो.

लाकडी मुठीच्या ओपिनेलसारख्या चाकूची गोष्ट वेगळी, ओपिनेल हा फ्रेंच चाकू १८९० पासून बनतोय आणि सांध्यावरची ती फिरणारी लॉकची रिंग १९५५ ची. इथे दोष मळाचा नसतो, लाकूड ओल शोषून फुगतं आणि पात्याला चिमटतं, म्हणून हा चाकू पाण्यात घालायचाच नाही. रिंग उघडी आहे ना बघून, मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर टकटक आपटलं की पातं थोडं वर येतं, मग चिमटीत धरून उघडायचं. उन्हात किंवा ओव्हनमध्ये ठेवाल तर लाकडाला भेग पडेल, सावलीत दोन-चार दिवस उघडाच राहू द्या. तरी घट्ट असेल तर पॉलिश पेपरची घडी करून खाचेच्या आतून थोडं थोडं घासा, आणि मग जवसाचं तेल लावून मुरू द्या. जवसाच्या तेलाचा बोळा चुरगळून टाकू नका, तो वाळताना आपोआप तापून पेट घेऊ शकतो, सपाट पसरून बाहेर वाळवा.