झाड ओळखायला फुलाची वाट कशाला?

वनसर्वेक्षणाच्या कामात प्लॉटमधलं, म्हणजे आखून घेतलेल्या तुकड्यातलं, प्रत्येक झाड नोंदवावं लागतं, मग ते फुलात असो वा नसो. नवी मुलं इथेच अडतात. कॉलेजात फुलांच्या रचनेची सूत्रं पाठ केलेली असतात आणि रानात समोर दिसतात नुसती पानं. मी त्यांना सांगते, वर बघत फुलं शोधत बसू नका, हाताशी येणारी एक डहाळी आधी नीट बघा.

पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे पहिलं. मग आपण ज्याला पान म्हणतोय ते पान आहे की पर्णिका, म्हणजे एका मोठ्या पानाचा लहानसा भाग, ते बघायचं. पानाच्या बेचक्यात कळी असते, पर्णिकेच्या नसते. चिंच आणि आवळा शेजारी धरून बघा. दोन्हीकडे बारीक पानांचं पिसासारखं काहीतरी दिसतं. चिंचेचं ते अख्खं पिस म्हणजे एकच पान, आवळ्याची मधली काडी मात्र चक्क फांदी. म्हणून तर आवळे त्या इवल्या पानांच्या बेचक्यांत धरतात.

पुढे देठ मोडून चीक बघायचा. समोरासमोर पानं आणि पांढरा चीक असला, की सह्याद्रीच्या पानझडी रानात पहिला संशय कुड्यावर घ्यावा. पण कुडा कुठला? पांढरा आणि काळा, दोघांची फुलं पांढरी, दोघांच्या लांब शेंगा जोडीने लोंबतात. शेंगांची टोकं बघा. काळ्या कुड्याची जोडी टोकाशी चिकटलेली असते, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या. फूल मिळालंच तर काळ्याच्या मधोमध झालर दिसते, पांढऱ्यात ती नसते. कुटजारिष्ट या आयुर्वेदिक औषधाला साल पांढऱ्याची लागते आणि बाजारात भेसळ होते काळ्याची, त्यामुळे हा फरक निव्वळ हौसेचा नाही.

सालीकडे तर कुणी बघतच नाही. ऐनाची साल काळपट, चौकोनी खवल्यांत तडकलेली. त्याच्याच कुळातल्या अर्जुनाची गुळगुळीत, फिकट. सागाचं कोवळं पान चोळलं की बोटं लाल होतात. वड, पिंपळ, उंबराच्या डहाळीवर पेरापेराशी बारीक वळं दिसतं, ती गळालेल्या कोंब-आवरणाची खूण.

चीक तपासा, पण चाखू नका आणि तो हात डोळ्याला लावू नका. बिब्ब्याच्या रसाने कातडी भाजते, खाडीकाठच्या गेव्याचा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं.

मोबाइलवरचं ॲप नाव सुचवतं. एका सुट्या पानाच्या फोटोवरून सुचवलेलं मी तरी धरत नाही. पानाच्या दोन्ही बाजू, पानांसकट डहाळी आणि साल, एवढे फोटो घ्या. तरीही नाव लागलं नाही तर वहीत ‘अनोळखी १’ लिहून पुढच्या झाडाकडे वळा.