मोकळ्या गावठी कोंबड्यांसाठी कुंपण घेताना

परसात कोंबड्या मोकळ्या सोडायच्या असतील तर जाळी उंचीला ५-६ फूट तरी घ्याच, गावठी कोंबडी हलकी असते, ४ फुटांवरून आरामात उडून शेजारच्या वाफ्यात जाते. वरच्या कडेला आडवा बांबू किंवा पाइप अजिबात नको, तो दिसला की त्या आधी त्यावर जाऊन बसतात आणि मग पलीकडे उतरतात, जाळीची कड मोकळीच ठेवा. चेनलिंक (तारा एकमेकींत गुंफलेली जाळी) कुत्र्यांना अडवते पण २ इंची भोकातून पिल्लं बाहेर पडतात, म्हणून खालचे २ फूट अर्धा इंची भोकांची वेल्डमेश (तारा वेल्ड करून जोडलेली चौकोनी जाळी) लावा आणि तीच फूटभर जमिनीत गाडा, मुंगूस खालून उकरूनही येतं. रात्री मात्र खुराड्यातच कोंडा.