'ते' म्हणजे काय? अमेरिकन कथा वाचायला लागताना

एम.ए.च्या पहिल्या वर्षी अमेरिकन कथेचा पेपर घेतला आणि हेमिंग्वेची 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' (१९२७) वीस मिनिटांत वाचून काढली. डिक्शनरी उघडावी लागली नाही. स्पेनमधलं एक जंक्शन, बार्सिलोनाहून माद्रिदला जाणाऱ्या गाडीची वाट बघणारे दोघं, बिअर, उकाडा. काही घडलंच नाही असं वाटलं. मग गाईडमध्ये वाचलं की ते दोघं गर्भपाताबद्दल बोलत होते. तो शब्द कथेत एकदाही येत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यापैकी अनेकांचं इथेच अडतं. आपण अवघड शब्दांची तयारी करून येतो. इथले शब्द सातवीतल्या मुलालाही कळतील असे असतात, आणि तरी कथा हाताला लागत नाही.

मला उपयोग झाला तो वहीचा. त्या कथेतले दहा संवाद मराठीत उतरवायला बसले. ती मुलगी एका वाक्यात सात वेळा 'प्लीज' म्हणून त्याला बोलणं थांबवायला सांगते. 'कृपया' सात वेळा? अशक्य. 'गप्प बस ना' लिहिलं, तर इतका वेळ सांभाळलेला तिचा शांतपणा कुठे तुटतो ते लिहितानाच जाणवलं. त्याआधी ती म्हणते, एकदा त्यांनी ते काढून घेतलं की परत कधीच मिळत नाही. बोलणं चाललंय जगाबद्दल, सगळं जग आपलं होऊ शकतं की नाही याबद्दल. पण मराठीत जगही 'ते' आणि मूलही 'ते'. त्या एका सर्वनामापाशी मी बराच वेळ थांबले होते. कथा मला तिथे कळली, गाईडमध्ये नाही. म्हणून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: कथा निवडा, दहा ओळी मराठीत करा, मगच समीक्षा उघडा.

दुसरा अभ्यास रेमंड कार्व्हरचा. त्याची एकच कथा दोन रूपांत मिळते, 'द बाथ' (१९८१) आणि 'अ स्मॉल, गुड थिंग' (१९८३ च्या संग्रहात). आई मुलाच्या वाढदिवसाचा केक सांगून येते, वाढदिवसालाच मुलाला गाडीची धडक बसते, आणि केक न्यायला कोणी आलं नाही म्हणून बेकरीवाला घरी फोन करत राहतो. 'द बाथ' फोनवरच तुटते. मुलाचं काय झालं ते कळत नाही. ही काटछाट संपादक गॉर्डन लिश यांची. 'द बाथ' ज्या संग्रहात आली त्यातल्या कथा त्यांनी इतक्या कापल्या की जुलै १९८० मध्ये कार्व्हरने छपाई थांबवा अशी विनवणी करणारं पत्र लिहिलं. दुसऱ्या रूपात मूल जातं, आईबाप रात्री बेकरीत पोहोचतात, आणि बेकरीवाला त्यांना गरम रोल खायला घालतो. दोन्ही शेजारी ठेवून, काय गेलं त्यावर पेन्सिलने खुणा करा. मला स्वतःला लांब रूप अधिक प्रिय आहे. न बोलण्याचं कौतुक वर्गात फार होतं, पण दुःखातल्या माणसाला कोणीतरी खाऊ घालणं हेही कथेत यायला हवं.

फ्लॅनरी ओ'कॉनर थोडी उशिरा घ्या. तिची धार्मिक पार्श्वभूमी माहीत नसेल तर नुसता हिंसाचारच दिसतो.

त्या आधी जेम्स बाल्डविनची 'सनीज ब्लूज' (१९५७) वाचा. इथे भाऊ भावाबद्दल मोकळेपणाने बोलतो, वाक्यं लांब आणि श्वास लागणारी. जॅझ वाजवायचं ठरवलेला धाकटा सनी चार्ली पार्करचं नाव घेतो, तेव्हा बीजगणित शिकवणाऱ्या थोरल्याला तो कोण हेच माहीत नसतं. तुम्हालाही नसेल, तर आधी पार्करचा सॅक्सोफोन ऐका, दोन-तीन दिवस ऐका. मग क्लबमधली शेवटची पानं मोठ्याने वाचा.