विमानतळावर सही करून मोकळे होऊ नका: ग्रीन कार्ड आणि व्हिसावाल्यांच्या नेहमीच्या चुका

आई-वडिलांचं ग्रीन कार्ड झालं की मुलं निर्धास्त होतात. मग आई-बाबा आठ-दहा महिने गावी राहतात, परत येताना अमेरिकेच्या विमानतळावर अडकतात आणि मग फोनाफोनी सुरू होते. मी वकील नाही. पण न्यू जर्सीत २२ वर्षं काढली आहेत आणि मंडळाच्या ओळखीने असे फोन माझ्याकडे दरवर्षी येतात. सगळ्यात महाग पडणारी चूक आधी सांगतो.

न वाचता सही

ओळखीतले एक काका. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून साताऱ्यात दहा महिने राहिले आणि पुढे एकटेच आले. १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलं की ग्रीन कार्डवाल्यालाही नव्याने प्रवेश मागणारा समजता येतं, त्यामुळे चौकशी होणारच होती. त्यांना आतल्या खोलीत नेलं. रात्रीचे दोन वाजलेले, अंगात प्रवासाचा शीण, वाचायचा चष्मा चेक-इन बॅगेत. समोर फॉर्म आला, सही केली की लगेच सोडतो असं अधिकारी म्हणाला, आणि काकांनी सही केली.

मी आणि त्यांचा मुलगा बाहेर उभे होतो. काकांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. "अरे, हे काय दिलंय बघ जरा." वर लिहिलं होतं आय-४०७. कायमच्या वास्तव्याचा हक्क मी स्वखुशीने सोडत आहे, अशी ती नोंद. काका देशात आले होते ते पाहुणे म्हणून. मुलगा अमेरिकन नागरिक, म्हणून पुन्हा अर्ज तरी करता आला. पण फी, मेडिकल, वकील सगळं पहिल्यापासून.

ही सही ऐच्छिक असते. नाही म्हटलं तर इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते, आणि हक्क सोडलाय हे सरकारला तिथे सिद्ध करावं लागतं. नुसते दिवस मोजून ते ठरत नाही. घर, टॅक्स, बाहेर राहण्याचं कारण, सगळं पाहिलं जातं. कार्ड काढून घेतलं तरी अंतिम निकालापर्यंत हक्क शाबूत असतो. तेवढ्यापुरता पुरावा म्हणून पासपोर्टवर शिक्का मागा. "कशाला वाद घालायचा, करा सही" असा सल्ला देणाऱ्यांवर मला खरंच राग येतो. दोन तास वाचवायला माणसं कित्येक वर्षांचं काम घालवतात.

आता ओळखीतलं कुणी म्हातारं माणूस निघालं की मी एका चिठ्ठीवर देवनागरीत लिहून देतो: "आय विल नॉट साइन. आय वॉन्ट टू सी ॲन इमिग्रेशन जज." चिठ्ठी पासपोर्टमध्ये, चष्मा हातातल्या पिशवीत, ऑपरेशनचे कागद त्याच पिशवीत. वर्षाहून जास्त राहायचं असेल तर री-एंट्री परमिटचा, म्हणजे परत येण्याच्या परवान्याचा, अर्ज अमेरिकेत असतानाच करा. गावी पोचल्यावर तो करता येत नाही.

आय-९४ न पाहणं

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरची तरुण मंडळी व्हिसाचा शिक्का पाहतात, मंजुरीचा कागद पाहतात, पण आय-९४, म्हणजे देशात प्रवेश दिल्याची सरकारी नोंद, पाहत नाहीत. आणि देशात कधीपर्यंत राहता येईल ते ठरतं आय-९४ वरच्या तारखेने. पासपोर्ट आधी संपत असेल तर अधिकारी बहुधा तीच तारीख टाकतो. पुढे पासपोर्ट नवा केला म्हणून ती आपोआप वाढत नाही; मुदतवाढीचा अर्ज करा किंवा मुदतीआधी बाहेर जाऊन नव्याने प्रवेश घ्या. मुदतीनंतर १८० दिवसांहून जास्त राहून देशाबाहेर पडलात तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्ष किंवा जास्त राहिलात तर दहा. मी सामानाच्या पट्ट्याजवळ उभा राहूनच फोनवर तारीख बघायचो. आजही कुणाला आणायला गेलो की गाडी सुरू करण्याआधी बघायला लावतो.

बाकीच्या

इमिग्रेशनचे अधिकारी घरी आले आणि दार वाजलं की उघडू नका, कागद दाराखालून सरकवायला सांगा. त्यावर कोर्टाचं नाव आणि न्यायाधीशाची सही आहे का पाहा. इमिग्रेशन खात्याच्याच अधिकाऱ्याची सही असेल तर ते कोर्टाचं वॉरंट नव्हे. तरीही कुणी आत शिरलंच तर अंगाने अडवू नका, "माझी संमती नाही" एवढं मोठ्याने म्हणा.

गप्प राहण्याचा हक्क आहे, खोटं बोलण्याचा नाही. मी सिटिझन आहे असं खोटं सांगितलं, किंवा ड्रायव्हिंग लायसन्सच्या फॉर्मवर घाईत मतदार नोंदणीची खूण केली, तर ते आयुष्यभर नडू शकतं.

पत्ता बदलला की दहा दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरा.

इमिग्रेशन कोर्टातल्या सुनावणीची तारीख चुकवू नका, गैरहजेरीतही हद्दपारीचा आदेश निघतो.

या कोर्टात सरकार वकील देत नाही, स्वतःच्या खर्चाने करावा लागतो. फॉर्म भरून देणारा कन्सल्टंट म्हणजे वकील नव्हे. पैसे देण्याआधी राज्याच्या बारच्या, म्हणजे वकिलांच्या अधिकृत संस्थेच्या, यादीत त्याचं नाव शोधा, आणि त्याने भरलेल्या प्रत्येक फॉर्मची प्रत त्याच दिवशी मागून घ्या.